वजा एक

तक्रार एवढीच होती :
आपियाओहून कास्त्रोला येणारी लाँच चाळीस जणांची,
तिकिटं एकोणचाळीसच निघतात.
पडदा म्हणतो, भरली.
धक्क्यावरून दिसतं, खिडकीशी एक जागा रिकामी,
आणि एदुविना लोकरीच्या गाठोड्यासकट
उद्यापर्यंत तिथेच.

"करून टाक ना दुरुस्त," रिगोबेर्तो आतून ओरडला,
"एका आकड्याचं तर काम."
नेहमी एका आकड्याचंच काम असतं.
तो आकडा कुठे दडलाय
हे शोधण्यात रात्र जाते.

मी आधी बटाट्याला सांगितलं.
माझ्या टेबलावर असतो तो, जांभळा, डोळे फुटलेला.
त्याच्यापुढे कोड मोठ्याने वाचायचा, एकही ओळ न गाळता.
माणसाला समजावताना आपण घाई करतो,
कारण माणूस मान डोलावतो.
बटाटा डोलावत नाही,
म्हणून आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येतं.
एकशे बाराव्या ओळीवर जीभ अडखळली :
क्षमता वजा एक.

पुसायला बोट गेलंच होतं.
पण पाणी कुठे मुरतंय हे न बघता
भिंत रंगवणाऱ्यांतली मी नाही.
(होते पूर्वी. तीन हिवाळे निस्तरत होते.)

ही ओळ कोणी लिहिली, विचारलं,
तर उत्तरात माझंच नाव.
गेल्या वर्षी सगळ्या फायलींचे समास मी सरळ केले होते,
आणि झाडलोट करणाऱ्याच्या नावावर
घर लागलं होतं.

मग इतिहासच कापायला घेतला.
एक हजार चोवीस कमिट, म्हणजे दहा प्रश्न.
मधोमध उभं राहायचं, विचारायचं :
इथे चाळीस तिकिटं निघतात?
निघतात, तर याआधीचे सगळे निर्दोष, घरी जा.
नाही, तर यानंतरचे सुटले.
पाचशे बारा.
दोनशे छप्पन्न.
चहा गार.
सातव्या प्रश्नाला प्रोग्राम उभाच राहीना,
ज्या लायब्ररीवर तो टेकायचा ती जगात उरली नव्हती.
वगळला. शेजारच्याला विचारलं.
पहाटे एकच कमिट उरला हातात :
सात वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, रात्रीचे तीन चाळीस,
रोसामेल मानसिया.
संदेश दोन शब्दांचा : "एक जागा."

कशासाठी, ते नाही. टेस्ट नाही.
रोसामेल आता पुंता अरेनासला मेंढ्या मोजतो,
फोन उचलत नाही.

दुपारी लाँच लागली तेव्हा एलिएसेरला विचारलं.
तो दोर गुंडाळत होता.
"आपियाओला दवाखाना कुठाय?
सुटायच्या वेळी कोणीतरी धावत येतंच.
कोणाला विळा लागलेला, कोणाचे दिवस भरलेले.
त्या वर्षी रोसामेल स्वतः आला होता, आईला पाठीवर घेऊन.
लाँच भरलेली होती."
पुढे काही म्हणाला नाही.
दोराचं वेटोळं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून घातलं.

मी तो एक पुसला नाही.
त्याला नाव दिलं : धावत येणाऱ्यासाठी.
सुटायला पाच मिनिटं उरली आणि कोणी आलं नाही,
तर जागा विकायला खुली.
दोन टेस्ट लिहिल्या, पहिली आधी लाल होताना पाहिली,
हिरवीवर माझा तेवढ्याशिवाय विश्वास नसतो.
कमिटचा संदेश नऊ ओळींचा झाला.
शेवटची ओळ : बदलण्याआधी एलिएसेरला विचारा.
रिगोबेर्तो म्हणाला, "एका आकड्यासाठी निबंध?"
बटाटा काहीच म्हणाला नाही.

एलिएसेर सांगत होता,
दुसऱ्या दिवशी सात पंचावन्नला
एदुविना कुरकुरत चढली,
खिडकीशी बसली, गाठोडं मांडीवर घेतलं.
आणि लाँच हलेपर्यंत
वळून वळून धक्क्याकडे बघत होती,
उठायच्या तयारीत.